आठ उंदरिणींचं पाणी

मी एकदा आठ उंदरिणींचं पाणी तोडलं. रागानं नाही, मायेनं. त्यातल्या दोघी मेल्या आणि उरलेल्या सहा जणींना नंतर मारावं लागलं. तेव्हा मी काही अजाण पोरगी नव्हते. सत्तेचाळीस वर्षांची होते, घरात दोन सुना आणून झाल्या होत्या, आणि जनावरातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती. त्या बाईला समोर बसवून दोन कानफटात द्याव्यात असं मला आजही वाटतं. पण गाल माझेच, त्यामुळे राहून जातं.

खात्री कशावरून होती ते सांगते. माझं माहेर धावड्याकडचं, सासर कुंभार पिंपळगावच्या पुढे, आणि दोन्हीकडे मेंढरं. मी चालायला शिकले ती कोकराची शेपटी धरून. पुढे गायरानं संपली, चराईवरून भांडणं व्हायला लागली, तसा आमच्या घरचा कळप विकला गेला आणि आम्ही जालन्यात आलो. नवरा मोंढ्यात पोती उचलायला लागला. मी शहराबाहेरच्या एका औषधशास्त्राच्या कॉलेजात झाडूपोछ्याला लागले. तिथं मागच्या बाजूला एक बंद खिडक्यांची खोली होती, उंदीर-सशांची. तिथला माणूस सोडून गेला तेव्हा मोठ्या सरांनी मला बोलावून विचारलं, बाई, उंदरांची भीती वाटते का. मी म्हणाले, सर, मी मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आडवं कोकरू सरळ केलंय. सरांनी पुढचं काही विचारलं नाही. चहाचा कप मात्र जरा लांब सरकवला.

त्या दिवसापासून मी जनावरांची खोली सांभाळायला लागले. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरून उलट्या लावायच्या. बाटलीला लोखंडी नळी, नळीच्या तोंडात एक गोळी. उंदीर जिभेनं गोळी हलवतो आणि थेंब पडतो. खोलीतले दिवे घड्याळावर होते. सकाळी सातला आपोआप लागायचे, संध्याकाळी सातला आपोआप विझायचे. मला वाटायचं, वीज वाचवायला. कुणाला विचारायची मला गरज वाटली नाही. विचारतो तो अडाणी, असं माझं तेव्हाचं शहाणपण होतं.

तिथं एक मुलगी पीएच.डी. करत होती. जुन्या जालन्यातली, घरी कापडाचं दुकान. स्कूटीवर यायची, नखं खायची, आणि मला मावशी म्हणायची. तिचं काम काय आहे हे मला कळायला महिना लागला, कारण ती ते कुणाला नीट सांगत नसे. घरी सांगितलं होतं म्हणे की किडनीचं काम आहे. मला तिनं सांगितलं, तेही भुसा बदलताना, माझ्याकडे न बघता. बाळंतपणात मुलाचं डोकं वाटेत फार वेळ अडकून राहिलं की आतल्या नसा आणि स्नायू दबून जखमी होतात. मग बाईचं लघवीवर नियंत्रण राहत नाही. खोकली, शिंकली, घागर उचलली की गळतं. ते का होतं, किती दिवस राहतं, त्यावर काय औषध चालेल, हे बाईवर बघता येत नाही. म्हणून मादी उंदरावर बघायचं.

मी विचारलं, उंदरिणीला पोर कुठं अडकतं? तिची पिल्लं तर शेंगदाण्याएवढी.

म्हणून फुगा, ती म्हणाली.

गुंगीचं औषध देऊन उंदरीण उताणी झोपवायची. तिच्या वाटेत एक बारीक रबरी फुगा सरकवायचा, त्यात पाणी भरायचं आणि चार तास तसाच ठेवायचा. चार तास म्हणजे अडलेलं बाळंतपण. मग फुगा काढायचा आणि जाग आली की पिंजऱ्यात सोडायचं. पुढं तपासणी. ती तपासणी तिनं मला एका सरावाच्या उंदरिणीवर दाखवली. अर्धवट गुंगीतल्या त्या जनावराच्या मिशीचा एक केस कापला आणि तोच तिच्या नाकपुडीत फिरवला. उंदरीण शिंकली. एवढीशी शिंक, आणि खाली पांढऱ्या कागदावर ओला ठिपका.

मला हसू आलं. खरंच आलं, आवरेना. आणि हसले म्हणून माझंही झालं. मी तशीच भिंतीला पाठ लावून उभी राहिले, आणि ती मुलगी बाहेर गेल्यावर फरशी पुसली. पुसायचं काम माझंच होतं, कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

सरावाच्या त्या उंदरिणीला दुपारी मोठं इंजेक्शन दिलं, कायमचं झोपवणारं.

आता माझं. आज मी सदुसष्ट वर्षांची आहे आणि नातसुनेच्या हातानं पॅडचं पुडकं मागवते, तेही तिच्या नवऱ्यासमोर, मोठ्यानं. पोरगा कानापर्यंत लाल होतो, मला मजा येते. पण तेव्हा ही हिंमत नव्हती. पंचविसाव्या वर्षी माझं तिसरं बाळंतपण मेंढवाड्यावर झालं. डोकं दिसत होतं आणि येत नव्हतं. पहिला दिवस गेला, रात्र गेली, दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा सुईणीनं माझ्या पोटावर गुडघा ठेवला. मुलगी होती. काळीनिळी आली, रडली नाही. ती कुठं पुरली हे मला सांगितलं गेलं नाही आणि दोन दिवसांनी कळप पुढं हलला, म्हणजे विचारायलाही जागा राहिली नाही.

मुलगी गेली आणि हे मागं राहिलं. चालता चालता पायावरून ओघळायचं. लुगड्याच्या आत जुन्या धोतराची घडी, ती भिजली की दुसरी. मांड्या सोलून निघायच्या. लग्नात मी कधी जाजमावर बसले नाही, उभ्यानं वाढायला घेतलं. लोक म्हणायचे, काय कामाची बाई आहे. एसटीत मी सगळ्यात शेवटी चढायची आणि दाराशी उभी राहायची. नवऱ्यानं एकदाच विचारलं, वास कसला येतो. मी म्हणाले, मेंढराचा. मेंढरं घरात असेपर्यंत ते उत्तर चाललं.

सासूला मात्र कळलं होतं. ती वाईट बाई नव्हती. तिनं मला ओढ्यावर बाजूला घेतलं आणि हळू सांगितलं, "पाणी कमी पीत जाय माय. वरून टाकायचं न्हाई, म्हंजी खालून यायचं न्हाई. मीबी तेच करते." तेव्हा मला कळलं की तिलाही आहे. आम्ही दोघींनी त्यावर पुन्हा कधीच तोंड उघडलं नाही. मी सकाळी एक तांब्या आणि दुपारी भाकरीबरोबर अर्धा, एवढ्यावर बावीस वर्षं काढली. उन्हाळ्यात चक्कर यायची, लघवीला आग व्हायची, दोनदा तापानं फणफणले. तरी गळायचं कमी. इलाज सापडल्याचं समाधान होतं.

असल्या बाईच्या हातात सोळा उंदरिणी दिल्या गेल्या.

आठ जणींना फुगा लावायचा, आठ जणी बिनफुग्याच्या, तुलनेला. मुलीच्या तीन वर्षांच्या कामाचा हा शेवटचा भाग होता. जनावरं किती वापरायची याची परवानगी समिती देते, मोजून देते. ही सोळा म्हणजे तिची शेवटची. ती मला म्हणाली होती, मावशी, यात काही बिघडलं तर माझं सगळं गेलं, जरा जीव लावून बघा. मी म्हणाले, लेकराला बघावं तसं बघीन.

आणि बघितलं. फुगे काढल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या आठ जणींचा भुसा इतरांपेक्षा ओला दिसायला लागला. मागच्या पायांची पांढरी लव पिवळी पडून चिकटलेली. एकीची कातडी लाल झाली होती, ती सारखी चाटत होती. त्या लालीची आग काय असते ते मला माहीत होतं. मी दिवसातून दोनदा भुसा बदलला, तरी ओलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोरडा भुसा घालताना माझ्या मनात आलं, हे तर आपल्याला येतं की.

मेंढरं दुपारी पाणवठ्यावर पाणी पितात. संध्याकाळी वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून आत कोंडली की सकाळपर्यंत थेंब नाही. कळपाचा हाच कायदा आणि त्यानं कधी मेंढी मेलेली मी पाहिली नव्हती. रात्री झोपेत कोण पाणी पितं? ही बाटली चोवीस तास लावायची रीत कुण्या शहरी माणसानं काढली असणार, असं मी ठरवलं. सहा वाजता निघताना आठ पिंजऱ्यांच्या बाटल्या काढून बादलीत ठेवल्या. सकाळी सगळ्यांच्या आधी मीच येते, आल्या आल्या लावल्या. त्या ढिम्म झोपलेल्या. मला वाटलं, बघा, तहान सुद्धा नाही.

दोन दिवसांत भुसा कोरडा.

मुलीनं पिंजरे पाहिले, वहीत लिहिलं, पुन्हा पाहिले. इतक्या लवकर कसं थांबलं, असं स्वतःशीच म्हणत राहिली, पण चेहरा उजळला होता. तिनं मला कॅंटीनमधून पोह्यांची प्लेट आणून दिली. आणि मी, काय सांगू, मी ते पोहे खाताना मनात म्हणत होते, पोरी, तुझी तीन वर्षं अन् माझे दोन दिवस. एवढी फुगले होते मी, की फुग्याची गरज नव्हती.

पाचव्या दिवशी वजनं केली तर आठही जणी उतरलेल्या. बिनफुग्याच्या आठ जणी टणटणीत. मुलीनं काटा पुसून पुन्हा केलं, तेच. तिनं खाणं बदललं, हात तीन-तीनदा धुतले, फुगा घालायचे चिमटे पुन्हा उकळले. त्या उंदरिणींचे डोळे खोल गेले होते आणि अंगावरची लव उभी राहिली होती. मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, ओल्या बाळंतिणी आहेत, अशक्तपणा असायचाच. ती मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कारण तिला तेवढाच धीर होता.

सातव्या दिवशी सकाळी दोघी मेलेल्या सापडल्या. त्यातली एक लाल कातडीची.

त्या संध्याकाळी मोठ्या सरांनी मुलीला बोलावलं. तिनं मला थांबायला सांगितलं. मी बाहेरच्या वऱ्हांड्यात पोछा घेऊन उभी, दार लोटलेलं. सर ओरडत नव्हते, ते जास्त वाईट. म्हणाले, बिनफुग्याची एकही मेली नाही, मेल्या त्या तुझ्या हाताखालच्या. फुगा स्वच्छ नव्हता किंवा तू आत फाडलंस. समितीला मला खरं कळवावं लागेल. हे काम तुझ्याच्यानं व्हायचं नाही, विषय सोड.

हे सगळं कानानं ऐकून मी काय केलं असेल? सहा वाजले होते. मी आत गेले आणि उरलेल्या सहा बाटल्या काढून बादलीत ठेवल्या. सवयीनं. दोघी मेल्या त्या फुग्यानं, असं सर म्हणतायत म्हणजे तसंच असणार. निदान या सहा जणी तरी कोरड्या राहोत. त्या बाईला कानफटात द्यावी असं मी म्हणते ते या जागेसाठी.

सात वाजायला आले तेव्हा मुलगी परत आली. स्टुलावर बसली. रडली नव्हती, नखं मात्र रक्त येईपर्यंत खाल्ली होती. मला म्हणाली, मावशी, तुम्ही जा, दिवे जातील आता. आणि दिवे गेलेच. वऱ्हांड्यातला उजेड काचेतून थोडासा आत येत होता. मी पदर सावरून निघणार, तेवढ्यात समोरच्या रांगेतून आवाज यायला लागला. टिक. टिक टिक. बिनफुग्याच्या आठ जणी जाग्या झाल्या होत्या. दिवसभर लोळागोळा होऊन पडणारी जनावरं अंधार पडल्याबरोबर पिंजऱ्यात खाली-वर करत होती, खात होती, आणि एकसारखी नळीची गोळी हलवून पाणी पीत होती. आठही पिंजऱ्यांतून टिकटिक.

अलीकडच्या रांगेतून नखांचा आवाज येत होता. जिथं नळी असायला पाहिजे त्या जाळीवर सहा जणी ओरबाडत होत्या.

मी त्या खोलीत संध्याकाळी सातनंतर कधी थांबलेच नव्हते. हे जनावर रात्रीचं आहे, दिवसा झोपतं आणि अंधारात जगतं, हे मला दीड वर्ष त्यांची घाण काढून कळलं नव्हतं. दिवसा लावलेल्या बाटलीतून त्या झोपेत जेमतेम चार थेंब पीत असणार. मी बादलीकडे धावले. अंधारात बाटली नीट बसेना, पाणी माझ्या अंगावर सांडलं. पहिली नळी लागली आणि आतून अशी टिकटिक सुरू झाली की मला ऐकवेना.

मुलगी उठून मागं उभी होती. तिनं विचारलं की बाटल्या काढल्या कुणी. मी म्हणाले, म्या. तिनं विचारलं, कधीपासून. मी सांगितलं. मग तिनं विचारलं, का.

माझ्याकडे मेंढरांचं उत्तर तयार होतं. वाघूर, पाणवठा, सगळं. तेवढंच सांगून मला सुटता आलं असतं. पण सरांनी तिच्या मानेवर ठेवलेलं ओझं खरं तर माझं होतं, आणि मेंढरांच्या उत्तरानं ते नीट उतरलं नसतं; ती म्हणाली असती, फक्त फुग्याच्याच आठ जणींचं का? म्हणून जे सासूशी सुद्धा दुसऱ्यांदा बोलले नव्हते ते तिच्याशी बोलले. त्या गळत होत्या म्हणून, मी म्हणाले. पाणी कमी केलं की गळणं कमी होतं. मला माहीत हाय. माझं बावीस वर्षांपासून हाय.

ती माझ्या लुगड्याकडे बघत होती. सांडलेलं पाणी कुठलं आणि दुसरं कुठलं, अंधारात कळण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरांकडे गेलो. का केलं ते तिनं सरांना सांगितलं नाही. पाण्याची चूक झाली एवढंच म्हणाली आणि मी मान हलवली. पुढचं थोडक्यात सांगते. समितीनं तिला पुन्हा जनावरं दिली, पण सात महिने लावले. तोवर तिचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलाकडच्यांना इतके दिवस शिकत राहणारी सून नको होती. तिनं काम पुरं केलं आणि जालना सोडलं. मला उंदरांच्या खोलीतून काढून लायब्ररी झाडायला लावलं. तिथं मी वाचायला बसले आणि बसूनच राहिले, हा त्यातला माझा फायदा. तिचा काय फायदा झाला ते मला शोधून सापडलेलं नाही.

त्या सहा उंदरिणी मात्र सरांकडे जाऊन आलो त्याच दुपारी गेल्या. मी विचारलं, आता पाणी पितायत, तरतरीत झाल्यात, राहू द्या की. ती म्हणाली, ज्यांचं पाणी तुटलं त्यांचं काही मोजता येत नाही आणि मोजता येत नाही ते जनावर ठेवायची परवानगी नाही. एकेक मी माझ्या हातानं धरली. धरायची पद्धत असते, मानेमागून, अंगठा पुढच्या पायाखाली. तिनं सुई दिली. पाचवी माझ्या तळहातावर ओली झाली. सहा जणी पिशवीत घातल्या, पिशवी बांधली.

मग ती सिंकवर हात धुवायला लागली. मी शेजारी उभी राहून वाट बघत होते की आता ही मला शिव्या देईल, आणि द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं. तिनं नळ बंद केला नाही. माझ्याकडे तोंडही वळवलं नाही. म्हणाली:

"मावशी, त्यांचं तीन आठवड्यांत आपोआप थांबणार होतं. उंदरीण बरी होते, म्हणूनच आम्हाला मोजायची जल्दी असते. तुमचं बावीस वर्षांत थांबलं न्हाई. मंग तुम्ही इतके दिवस कशाची वाट बघून राह्यल्या?"